टीआर-थ्रीला रॅक अँड पिनियन बसवावं का?

टीआर_५९ (धागाकर्ता)

मंडळी, चार महिने हा किडा डोक्यात वळवळतोय, आता इथेच सोडतो.

माझ्याकडे १९५९ ची ट्रायम्फ टीआर-थ्री-ए आहे, उजव्या हाताची. काकांची गाडी. ते गेल्यावर आठ वर्षं कर्वेनगरला ताडपत्रीखाली उभी होती. मी इंजिन उतरवलं, ब्रेक केले, वायरिंग नव्याने ओढलं. आता झकास पळते. वळते मात्र तिच्या मर्जीने.

सरळ रस्त्यावर स्टेअरिंग दोन-अडीच इंच नुसतंच हलतं, चाकांना पत्ताही नसतो. कात्रजचा जुना घाट उतरताना मी जुन्या सिनेमातल्या हिरोसारखा उगाच डावं-उजवं करत असतो. फरक इतकाच की त्याच्या मागे पडद्यावरचा रस्ता पळायचा आणि माझ्यापुढे खरी दरी असते. शिवाय पार्किंग करताना इतकं जड की रात्री खांद्याला बाम लागतो.

तिसरी गोष्ट बायकोने काढली. या गाडीचा स्टेअरिंग बॉक्स (स्टेअरिंगचं फिरणं चाकांकडे पोचवणारी पेटी) पार नाकाशी, पुढच्या चाकांच्याही पुढे. तिथून निघालेला एकसंध लोखंडी दांडा थेट माझ्या छातीसमोर येतो. बॉनेट उघडं असताना तिने एकदा पाहिलं आणि म्हणाली, "हा तर भाला आहे. समोरून कुणी ठोकलं तर?" तेव्हापासून गाडीत बसली की आधी त्या दांड्याकडे बघते.

पुढच्या टीआर-फोरला १९६१ मध्ये कंपनीनेच बॉक्सऐवजी रॅक अँड पिनियन दिलं, म्हणजे दातेरी पट्टी आणि तिला डावी-उजवी सरकवणारं छोटं दातेरी चाक. म्हणजे त्यांनाही पटलं होतं. टीआर-थ्रीसाठी इंग्लंडात तयार किट मिळतं, पण पौंडात किंमत आणि वर ड्युटी. नाहीतर इथलाच एखादा रॅक घेऊन भोसरीत ब्रॅकेट करून घ्यायचे. कुणी केलंय का? करावं का? चांगला मिस्त्री माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

चहाबाज

फोटोशिवाय गाडीचा धागा म्हणजे शेव नसलेली मिसळ. फोटो टाका, मग बोलू.

गॅरेजवाला_बापू

अजिबात करू नका.

रागावू नका, पण दर दोन महिन्यांनी कुणीतरी जुनी गाडी घेऊन येतो आणि आधी काय बदलायचं ते ठरवूनच येतो. काय बिघडलंय हे कुणी विचारत नाही. तुमच्या गाडीचा कॅम-अँड-लिव्हर बॉक्स म्हणजे काय? दांड्याच्या खालच्या टोकाला जाड स्क्रूसारखा कॅम, त्याला पिळाची खाच, खाचेत एक पेग. तुम्ही फिरवता, पेग खाचेतून सरकतो, त्याचा शाफ्ट थोडा वळतो, शाफ्टला ड्रॉप आर्म, म्हणजे पुढचे रॉड ढकलणारा हात. एवढंच. हे बॉक्स सहजासहजी मरत नाहीत.

आता बॉक्सच्या बाहेर मोजा. ड्रॉप आर्म, मधला रॉड, त्याच्या दोन टोकांना रबरी सायलेंटब्लॉक बुश, पलीकडे आयडलर (रॉडचं दुसरं टोक धरणारा हात), मग चाकांकडे जाणारे दोन टाय रॉड, चार बॉल जॉइंट. प्रत्येकात केसभर खेळ धरा. त्या सगळ्यांची बेरीज तुमच्या हातात अडीच इंच होऊन येते. साठ-पासष्ट वर्षांच्या रबराने अजून काय करावं अशी अपेक्षा आहे?

आधी शोधा, मग बदला. आणि मूळ गाडी मूळच राहू द्या.

कुजकट

बापू, मग मूळ खांदेदुखीही मूळच राहू द्यायची का? 😀

सोपा उपाय सांगतो. जुनी मारुती ८०० घ्या. १९८३ पासून रॅक अँड पिनियन बसवलेलाच यायचा, भोसरीला जायची गरज नाही.

हेराल्डप्रेमी

मारुतीच्या कितीतरी आधी. आमची स्टँडर्ड हेराल्ड मद्रासला १९६१ पासून बनायची आणि तिला पहिल्या दिवसापासून रॅक आहे. २५ फुटांत पूर्ण गोल फिरते. सदाशिव पेठेत वडिलांनी ती एका दमात वळवली की वाड्यातली पोरं टाळ्या वाजवायची. शेजारच्यांची अँबॅसडर मात्र पुढे-मागे, पुढे-मागे. तिला बिचारीला बॉक्स होता ना.

गॅरेजवाला_बापू

कोण म्हणालं अँबॅसडरला बॉक्स होता? रॅकच होता.

हेराल्डप्रेमी

काहीही काय बापू. इतकं जड स्टेअरिंग आणि रॅक?

गॅरेजवाला_बापू

हो, इतकं जड स्टेअरिंग आणि रॅक. अँबॅसडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री. पुढे टॉर्शन बार आणि रॅक अँड पिनियन. माझे हात त्यात काळे झालेत, मला नका शिकवू. पद्मिनीला बॉक्स, अँबॅसडरला रॅक. लोक नेमकं उलटं समजतात, कारण पद्मिनी हातात हलकी लागायची.

मुळशीकर_ताई

बापूंच्या या शेवटच्या वाक्यात धागाकर्त्याच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे, फक्त भांडणात हरवलं.

रॅक म्हणजे हलकं, हा गैरसमज आहे. हलकं-जड हे ठरतं तुम्ही स्टेअरिंग किती फिरवल्यावर चाक किती वळतं यावर, टायरच्या रुंदीवर, कॅस्टरवर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याच्या मागे झुकलेल्या कोनावर) आणि सांधे किती कोरडे आहेत यावर. टीआर_५९, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तुमच्याकडे किती फेऱ्या होतात? मोजून सांगा. फेऱ्या कमी असतील तर गाडी उभ्याने जड असणारच, आणि तेवढ्याच फेऱ्यांचा रॅक लावलात तर तेवढीच जड राहील.

तुमच्या तीन तक्रारी ही तीन वेगळी दुखणी आहेत. खेळ, जडपणा आणि भाला. एकच गोळी तिन्हींवर चालेल असं धरून चालू नका. कुठल्यासाठी रॅक हवाय ते आधी ठरवा.

टीआर_५९

ताई, मोजलं. सव्वादोन फेऱ्या. टायर मागच्या मालकाने, म्हणजे काकांनीच, १८५ मिलिमीटर रुंदीचे घातलेत. रुबाबदार दिसतात म्हणून.

मुळशीकर_ताई

मूळ टायर ५.५०-१५ चे होते. रेडियलमध्ये त्याच्या जवळचा आकार १६५ आर १५. काकांचा रुबाब तुमच्या खांद्यावर आलाय.

अनिवासी_अण्णा

कॉव्हेंट्रीहून लिहितोय. ही गाडी जिथे बनायची ते कॅनली माझ्या घरापासून सायकलवर पंधरा मिनिटं. कारखाना कधीच गेला, पण गावात अजून दर तिसऱ्या म्हाताऱ्याला टीआरबद्दल मत असतं.

मी माझ्या टीआर-थ्रीला रॅक बसवलाय, सात वर्षं झाली. म्हणून थोडं सविस्तर.

फायदा खरा आहे. मधली सगळी दांडकी गेली. आता दोन आतले बॉल जॉइंट, दोन बाहेरचे, बस. गाडी हात लावला की ऐकते. जॅग्वारने एक्सके-१२० ला बर्मनचा रिसर्क्युलेटिंग बॉल बॉक्स दिला होता, १९५४ च्या एक्सके-१४० ला रॅक दिला. एमजीच्या टीसीला बॉक्स, पाठोपाठच्या टीडीला रॅक. त्या काळातल्या स्पोर्ट्स गाड्यांची वाट तिकडेच चालली होती. तेव्हा बापू, हे काही पाप नाही.

पण हलकं झालं नाही. ताई म्हणतात ते शंभर टक्के खरं. आणि नवीन गोष्ट सुरू झाली: खड्ड्याचा हिसका. बॉक्समध्ये कॅम-पेगच्या घर्षणात रस्त्याचा धक्का बराचसा मरतो. रॅक तो इमानदारीने मनगटापर्यंत पोचवतो. इथल्या रस्त्यांवर मजा येते. पुण्यात मजा येईल का ते तुम्ही ठरवा.

आता माझी चूक सांगतो. पहिल्यांदा ब्रॅकेट मी स्वतः केले आणि रॅक साधारण अर्धा इंच वर बसला. उभ्या गाडीत अलाइनमेंट अगदी बरोबर. रस्त्यावर पन्नासच्या पुढे गेलो की प्रत्येक उंचवट्याला गाडी आपोआप लेन बदलायची. याला बम्प स्टिअर म्हणतात. चाक वर-खाली होताना विशबोनचं (चाक धरणाऱ्या सस्पेन्शनच्या हाताचं) टोक एका कमानीत फिरतं, टाय रॉडचं टोक दुसऱ्या कमानीत. दोन्ही कमानी जुळल्या तर चाक सरळ. रॅक वर-खाली बसला किंवा त्याच्या आतल्या दोन सांध्यांमधलं अंतर चुकलं, की टाय रॉड चाकाला ढकलतो किंवा ओढतो. तुम्ही स्टेअरिंग धरून स्तब्ध बसलेले असता आणि गाडी वळत असते. आतले सांधे वरच्या आणि खालच्या विशबोनच्या आतल्या पिव्हट जोडणाऱ्या रेषेच्या आसपास यायला हवेत, हे मला नंतर कळलं. नंतर म्हणजे एका ट्रकच्या शेजारून जाताना.

सिंहगडरोड

अण्णा, बम्प स्टिअरची चाचणी घ्यायला ट्रॅक लागत नाही. आमच्या सोसायटीच्या गेटपासून कॉर्नरच्या मेडिकलपर्यंत या.

कॉलेजवाला

यावरून आठवलं. आम्ही कॉलेजात असताना बाहासाठी (कॉलेजांची बग्गी बनवायची स्पर्धा) बग्गी बनवत होतो. सहा जणांची टीम, झोप नाही, सबमिशन डोक्यावर. रॅक एका छोट्या गाडीचा, जुना बाजारातून रविवारी सकाळी उचललेला. त्या गाडीत तो चाकांच्या धुरीच्या मागे होता. आमच्याकडे पायांना जागा हवी म्हणून आम्ही तो धुरीच्या पुढे घेतला आणि चाकाकडचे स्टेअरिंग आर्मही पुढे वळवले. सगळं सुंदर बसलं. हिरवा रंग दिला.

वर्कशॉपबाहेर पहिली फेरी. आमचा ड्रायव्हर उजवीकडे वळला आणि बग्गी शांतपणे डावीकडे, थेट सरांच्या स्कूटरच्या दिशेने. त्याने घाबरून आणखी उजवीकडे कापलं. बग्गी आणखी डावीकडे. स्कूटर वाचली, कारण मध्ये गुलमोहर होता.

रॅक मागून पुढे नेला की दिशा उलटते, हे कागदावर कुणालाही कळेल. कागद काढायला वेळ कुणाला होता?

चहाबाज

सर काय म्हणाले?

कॉलेजवाला

"आता रिव्हर्समध्ये चालवा, बरोबर वळेल." चाळीस जणांसमोर.

लेथवरचा_माणूस

मी भोसरीत आहे, असली कामं येतात माझ्याकडे. दोन-तीन गोष्टी सांगतो, धागाकर्त्याला उपयोग होईल.

ब्रॅकेट करणं अवघड नाही. अवघड आहे ते कुठे करायचं हे ठरवणं. अण्णांची चूक बहुतेक सगळे करतात कारण गाडी जमिनीवर उभी असताना माप घेतात. पुढची स्प्रिंग काढा. रॅक तात्पुरत्या पट्टीवर, लांबट भोकांत नुसता अडकवा. जॅकने चाक अर्धा-अर्धा इंच वर न्या आणि दर वेळी चाकाच्या पुढच्या आणि मागच्या कडेचं अंतर एका ताणलेल्या दोऱ्यापासून मोजा. वहीत लिहा. रॅक एक शिम (पातळ पत्र्याचा तुकडा) वर, एक शिम खाली, परत सगळं. एक अख्खा दिवस जातो. आकडे हलायचे थांबले की मग पक्का ब्रॅकेट.

दुसरं, टीआरच्या नाकात जागा नाही. पंखा, रेडिएटर आणि रॅक यांचं भांडण होणार. पंखा इलेक्ट्रिक करावा लागेल का, ते किट मागवायच्या आधी बघा. आणि किट मागवताना उजव्या हाताचं मागवा. अमेरिकेहून आलेलं डाव्या हाताचं किट माझ्याकडे एकाने आणलं होतं. अजून रॅकवर पडलंय. म्हणजे फळीच्या रॅकवर.

तिसरं आणि महत्त्वाचं. स्टेअरिंगच्या दांड्यावर वेल्डिंग मी करत नाही. दुप्पट पैसे दिले तरी नाही. स्प्लाइनचे (खाचांत खाचा बसणारे) जॉइंट घ्या, बोल्टने आवळणारे. दोन यूजे (युनिव्हर्सल जॉइंट, दांड्याला कोन देणारे सांधे) लावणार असाल तर मधल्या दांड्यावरचे दोन्ही योक, म्हणजे सांध्याची दुबेळकी टोकं, एका रेषेत हवेत, नाहीतर स्टेअरिंग एका जागी हलकं, एका जागी जड असं लहरत फिरतं. लोक म्हणतात रॅक खराब आला.

नियमावली

कायद्याचं कुणी बोललं नाही, म्हणून.

गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी आहे, तेव्हा जुलै २०२१ च्या नियमांनुसार ती व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात. नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये, नोंदणी १० वर्षांची, आणि मग गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. पण अट अशी की गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा बदल केलेला नको. स्टेअरिंगचा शब्द त्यात नाही. मात्र ब्रॅकेटसाठी चासी कापलीत किंवा वेल्डिंग केलंत, तर तो चासीतला बदल नाही हे पटवत बसावं लागेल. म्हणून जे करायचं ते बोल्टवर करा, जुना बॉक्स फडक्यात गुंडाळून जपून ठेवा, म्हणजे परत बसवता येईल.

गॅरेजवाला_बापू

नियमावलीशी पहिल्यांदाच सहमत.

टीआर_५९

सगळ्यांचे आभार. बापूंचं ऐकायचं ठरवलं. काल दुपारी शोधमोहीम काढली.

गाडी जमिनीवर, इंजिन बंद. मी पोतं टाकून खाली आडवा, बायको स्टेअरिंगवर. ती हळूहळू डावं-उजवं हलवते, मी एकेका सांध्यावर बोट ठेवून बघतो. बायको डेंटिस्ट आहे. वरून म्हणाली, "हलणारा दात आम्ही असाच शोधतो. डोळ्याला दिसत नाही, बोटाला कळतो." खरंच तसंच निघालं. टॉर्च मारून काही दिसत नव्हतं. बोट ठेवलं तर मधल्या रॉडच्या डाव्या टोकाला रबर आतून सुटलेलं, नुसतं तेलकट कडं उरलंय. आयडलरचा बुश अंडाकृती. चार बॉल जॉइंटपैकी तीन ठीक, एक मेलेला.

मग बॉक्सवर हात ठेवला. अख्खा बॉक्सच हलत होता! चासीला धरणाऱ्या क्लॅम्पचे बोल्ट ढिले, दीड-दोन मिलिमीटर मोकळी जागा. म्हणजे मी स्टेअरिंग फिरवतो तेव्हा आधी बॉक्स इकडून तिकडे जातो आणि मग चाकांचा विचार होतो.

पण मग जडपणा कसला? इतका खेळ असलेली गाडी जड कशी?

गॅरेजवाला_बापू

दोन्ही पुढची चाकं उचलून फिरवा. हवेत हलकं झालं तर दोष टायर आणि भूमितीचा. हवेतही जड असेल तर टाय रॉड सोडा आणि परत फिरवा. तेव्हाही जड, तर बॉक्स. तेव्हा हलकं, तर चाकाकडचे ट्रनियन (ज्यांवर चाक वळतं ते सांधे) कोरडे.

टीआर_५९

बापू, टाय रॉड सोडूनही जड. मधोमध तर जवळपास अडकतंच.

गॅरेजवाला_बापू

मग सांगतो काय झालंय, गाडी न बघता. कधीतरी कुणीतरी हा खेळ घालवायला बॉक्सवरचा ॲडजस्टिंग स्क्रू आवळलाय. खेळ बाहेरचा होता, त्यामुळे गेला नाही. म्हणून आणखी आवळला. पेग कॅममध्ये रुतून बसला. तक्रार एक होती, त्यांनी दोन करून दिल्या.

स्क्रू नेहमी चाकं सरळ ठेवून सेट करायचा, कारण पेग तिथेच सर्वांत घट्ट बसायला हवा. बारीकसा अटकाव जाणवला की थांबायचं आणि लॉकनट. आणि बॉक्समध्ये ग्रीस आहे की तेल ते बघा.

टीआर_५९

ग्रीस! पिवळं, वाळलेल्या साबणासारखं. कडेला चिकटलेलं, मधे कॅम कोरडा ठणठणीत.

गॅरेजवाला_बापू

तेल गळतं म्हणून ग्रीस भरतात. कॅम त्यातून खाच पाडून जातो आणि परत ते जवळ येत नाही. काढा सगळं. ईपी ९० गिअर तेल घाला.

हेराल्डप्रेमी

अवांतर: हेराल्डच्या ट्रनियनलाही तेलच, ग्रीस नाही. यावर वडिलांनी एका मिस्त्रीशी कायमचं वैर धरलं होतं. आणि रॅक लावला म्हणजे खेळ संपला असंही नाही हो. आमचा रॅक ज्या रबरी ठोकळ्यांवर बसतो ते इंजिनाच्या तेलाने भिजून हलव्यासारखे झाले होते. वळताना अख्खा रॅकच बाजूला सरकायचा. नवीन ठोकळे घातले आणि गाडी वीस वर्षांनी लहान झाली.

कुजकट

म्हणजे रॅकवाल्याचाही रॅक हलतो, बॉक्सवाल्याचाही बॉक्स हलतो. आमच्या सायकलचं हँडल बरं.

टीआर_५९ (तीन आठवड्यांनी)

अपडेट. सायलेंटब्लॉक आणि बॉल जॉइंट अण्णांनी कुणाच्या तरी बॅगेतून पाठवले, त्यांचे किती आभार मानू. आयडलरचा बुश लेथवरच्या माणसाने गनमेटलचा करून दिला, पैसे सांगितले तेव्हा मीच लाजलो. बॉक्स उघडून धुतला. पेगचं टोक एका बाजूने चपटं झालं होतं, ते बदललं. कॅमला मधोमध हलकी खूण आहे, नखाला लागत नाही. तेल भरलं, क्लॅम्प आवळला, स्क्रू बापूंच्या पद्धतीने. टायर १६५ चे घातले.

काल सकाळी सहाला जुना कात्रज घाट. खेळ पाऊण इंच. हिरोगिरी बंद. पार्किंग अजूनही व्यायामच आहे, पण बाम लागला नाही.

आता रॅकचा प्रश्न परत विचारतो, कारण भाला जागच्या जागी आहे. बायको काल बरोबर होती. वळणं बघितली नाहीत, दांडाच बघत होती.

मुळशीकर_ताई

गाडीला सीट बेल्ट आहेत का?

टीआर_५९

नाहीत. मूळ नव्हते.

मुळशीकर_ताई

मूळ पेगही हाच नव्हता. दांड्याची काळजी करताय आणि दांड्यावर जाऊन आपटणाऱ्याला बांधलेलं नाही? आधी बेल्ट. चांगल्या जागी, जाड प्लेट टाकून.

अनिवासी_अण्णा

ताईंशी सहमत, बेल्ट आधी. पण भाल्याचं खरं उत्तर द्यायचं तर तो रॅक बसवण्याचा सर्वांत चांगला मुद्दा आहे. बॉक्स ठेवून दांड्याला कोन देता येत नाही, कारण बॉक्स आणि स्टेअरिंग एका सरळ रेषेत आहेत. रॅकचा पिनियन खाली आणि बाजूला असतो, मधे दोन यूजे येतात, दांडा मोडलेल्या कोपरासारखा जातो. नाक आत आलं तर तो दुमडतो, सरळ छातीकडे येत नाही. मी केलं ते शेवटी याचसाठी. वळायला छान वाटतं हे मी क्लबात सांगतो.

गॅरेजवाला_बापू

यावर माझ्याकडे उत्तर नाही. करायचंच असेल तर नियमावली म्हणाले तसं बोल्टवर करा, आणि दोऱ्याने मोजल्याशिवाय ब्रॅकेट पक्का करू नका. मोजायच्या दिवशी मला बोलवा. चूक काढायला कुणीतरी हवं.

हेराल्डप्रेमी

माझ्याकडे हेराल्डचा एक जास्तीचा रॅक आहे, सहकारनगरला माळ्यावर. तो तुमच्या गाडीला बसेल असं म्हणत नाही, टीआर जड आहे. पण किट यायच्या आधी पुठ्ठ्याऐवजी तो धरून जागा मोजायला घेऊन जा. परत द्यायचा. वडिलांचा आहे.

टीआर_५९

हेराल्डप्रेमी काका, रविवारी येतो. किटची ऑर्डर दिवाळीनंतर, आधी बेल्ट.

एक शेवटचा प्रश्न. बॉक्स उघडून बसवल्यापासून डावीकडे वळलो की हॉर्न आपोआप वाजतो. मधलं हॉर्नचं बटणही स्टेअरिंगबरोबर थोडं फिरतं.

कुजकट

पुण्यात याला दोष म्हणत नाहीत.

लेथवरचा_माणूस

स्टेटर ट्यूब ढिली आहे. हॉर्न आणि इंडिकेटरच्या वायरी ज्या बारीक नळीतून दांड्याच्या पोटातून खाली जातात, ती. बॉक्सच्या अगदी पुढच्या टोकाला ती बाहेर येते, तिथे नट आणि आत एक पितळी ऑलिव्ह (नटाखाली दाबून बसणारं कडं) आहे. नळी स्थिर हवी, दांडा तिच्याभोवती फिरायला हवा. आता नळीही फिरतेय आणि वायरी पिळल्या जातायत. सोलून शॉर्ट व्हायच्या आधी बघा. बटण सरळ धरून नट आवळा, ऑलिव्ह चेपलं असेल तर नवीन घाला. हात फिरवून बघा, तिथूनच तेलही गळत असणार.

टीआर_५९

आत्ताच खाली जाऊन बोट फिरवलं. ओलं आहे.